घोर, धसका आणि हाय : चिंता व नैराश्य यांची कारणमीमांसा

१. संज्ञानिश्चय

प्रस्तुत विवेचनाचा विषय चिंताविकार आणि नैराश्यविकार यांची कारणे हा आहे. कारण सांगण्यापूर्वी कार्याची सीमा आखावी लागते. 'टेन्शन', 'डिप्रेशन', 'मूड नाही' हे शब्द आज एकमेकांच्या जागी वापरले जातात. आणि ज्याची सीमा ठरलेली नाही त्याच्या कारणाविषयी केलेले विधान खरे की खोटे हे ठरवता येत नाही.

संभाव्य अनिष्टाचा विचार म्हणजे काळजी. झालेल्या हानीची वेदना म्हणजे दुःख. हे दोन्ही विकार नव्हेत. फेब्रुवारीत माल तोडणीला आलेला असताना आभाळ भरून आले आणि नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला रात्रभर झोप लागली नाही, तर ती काळजी होय. काळजीचे चिंताविकारात रूपांतर झाले असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : भय प्रसंगाच्या प्रमाणाबाहेर असणे, प्रसंग सरल्यावरही ते कित्येक महिने टिकणे, आणि त्यामुळे झोप, काम व नातेसंबंध यांत बाधा येणे. नैराश्यविकाराचा निकष कालमर्यादेच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यानुसार उदासी किंवा रसलोप यांपैकी एक तरी लक्षण किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ दररोज असले पाहिजे. त्याच्या जोडीला भूक, झोप, शक्ती, एकाग्रता आणि आत्ममूल्य यांतील बिघाड, तसेच मृत्यूचे विचार, यांपैकी काही लक्षणे असावी लागतात.

ही शास्त्रीय व्याख्या झाली. परंतु रुग्ण या शब्दांत बोलत नाही. तो 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'अंगात त्राण नाही' असे सांगतो. पुष्कळदा तो मनाचा उल्लेखही करत नाही. पाठ, डोके, पोट यांविषयी बोलतो. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांमध्ये केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व्यथेशी अधिक होता. लक्षणाची भाषा आणि कारणाचे स्थान एकच असते असे धरून चालता येत नाही, एवढे यावरून निष्पन्न होते.

मात्र लोकभाषेला नुसती अचूकतेच्या अभावाची जागा मानणे चूक ठरेल. मराठीत या क्षेत्रातले तीन शब्द असे आहेत की त्यांचा भेद शास्त्राने फार उशिरा ओळखला. पहिला घोर. मुलीच्या लग्नाचा घोर लागतो, हप्त्याचा घोर लागतो. अनिष्ट अजून घडलेले नसते. दुसरा धसका. एकदा प्रत्यक्ष आघात होतो आणि त्यानंतर तो पुन्हा होईल हे भय कायमचे राहते. भूतकाळातील घटना येथे भविष्यकाळात जाऊन बसते. तिसरा हाय. ज्यावर जीव होता ते गेले, परत येणार नाही, आणि माणूस खचला. त्याने हाय खाल्ली. घोराचा विषय शक्यता आहे, हायीचा विषय हानी आहे, धसका या दोहोंमधला पूल आहे.

या शब्दांच्या व्याकरणातही एक भेद दडलेला आहे. घोर लागतो, येथे कर्ता घोर आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. धसका मात्र माणूस 'घेतो', हाय माणूस 'खातो', दुःख तो 'मनाला लावून घेतो'. म्हणजे आघातानंतरच्या अवस्थेत भाषा माणसालाच कर्ता ठरवते. या कर्तृत्वाचे परिणाम काय होतात हे सहाव्या विभागात पाहावयाचे आहे.

२. 'कारण' म्हणजे काय

'त्याला नैराश्य का आले?' या एका प्रश्नात चार प्रश्न मिसळलेले असतात. (१) याच माणसाला का आले, त्याच्या शेजाऱ्याला का नाही? (२) आताच का आले, गेल्या वर्षी का नाही? (३) चिंता का नाही, नैराश्यच का? (४) आले ते गेले का नाही? पहिल्याचे उत्तर पूर्वप्रवृत्ती, दुसऱ्याचे निमित्त, तिसऱ्याचे निमित्ताचा प्रकार, आणि चौथ्याचे धारक कारणे. कारणांविषयीचे बहुतेक वाद एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला दिल्यामुळे होतात. मेंदूतील रसायने हे पहिल्याचे उत्तर असू शकते. ते दुसऱ्याचे नाही. गारपीट हे दुसऱ्याचे आहे. पहिल्याचे नाही, कारण गारा शेजाऱ्याच्या बागेवरही पडल्या.

न्यायवैशेषिकांनी समवायी, असमवायी आणि निमित्त अशी कारणांची त्रयी केली. त्यांपैकी 'निमित्त' हा शब्द मराठीत राहिला आणि त्याला एक सूक्ष्म अर्थ चिकटला : 'ते केवळ निमित्त झाले' असे म्हणणारा मनुष्य खरे कारण अन्यत्र आहे असे सुचवत असतो. हा अर्थ पुढील विवेचनात गृहीत आहे.

एकच कारण मागण्याची सवय शासनव्यवहारातही आहे, आणि तिचे परिणाम गंभीर आहेत. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्याविषयी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २००६ मध्ये जे निकष ठरवले त्यांत नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा हे मुख्य आहेत. प्रत्येक प्रकरण यांवरून 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. निधीचे वाटप करण्यासाठी निकष लागतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु अपात्र ठरलेल्या घरात शोक अपात्र होत नाही. आणि जिच्या नावावर सातबारा नाही, कर्जही नाही, अशा शेतकरी स्त्रीचे दुःख या कारणसूचीत प्रवेशच करू शकत नाही. कारणाची व्याख्या सोयीसाठी संकुचित केली की माणसे मोजणीतून गळतात.

मोजणीचा विषय निघाला म्हणून येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार सर्वेक्षणाच्या वेळी मानसिक विकार असलेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १०.६ टक्के होते आणि दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्यविकार झालेला होता. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. या विवेचनातील उदाहरणे प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातील आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्या जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ आहे. तिला हे प्रमाण लावून जिल्ह्यातील रुग्णसंख्या काढणे अंकगणित म्हणून सोपे आहे, शास्त्र म्हणून अग्राह्य आहे.

३. पूर्वप्रवृत्ती

पूर्वप्रवृत्तीचे तीन स्तर करता येतात : वंशगत, बाल्यगत आणि देहगत.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यविकाराची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के मानली जाते. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या माणसाच्या नैराश्याचा ३७ टक्के भाग आईवडिलांकडून आला, असा तो नाही. लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा तेवढा अंश आनुवंशिक भेदाने उलगडतो, एवढाच तो आहे. विशिष्ट जनुक सापडल्याचे दावे टिकलेले नाहीत. २००३ मध्ये सेरोटोनिनच्या वहनाशी संबंधित एका जनुकाचा आणि आघातांचा संयोग नैराश्य घडवतो असे प्रतिपादन झाले आणि त्याची फार चर्चा झाली. पुढील मोठ्या अभ्यासांनी त्याला पुष्टी दिली नाही. वारसा आहे, पण तो असंख्य सूक्ष्म अंशांत विभागलेला आहे.

रसायनांच्या उपपत्तीचा उगम भारतीय वाचकाला जवळचा आहे. सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाब आणि उन्माद यांवर उपयोगी पडते असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य येते असे दिसले. रिसर्पिन मेंदूतील मोनोअमाइन वर्गाची द्रव्ये कमी करते. म्हणून ही द्रव्ये कमी होणे हेच नैराश्याचे कारण, असे अनुमान १९६० च्या दशकात रूढ झाले. अनुमानातील दोष उघड आहे. औषधाने जे घडते ते औषधाविना घडलेल्या रोगाचेही कारण असेलच असे नाही. औषधे पुष्कळांना गुण देतात हे सत्य आहे. परंतु डोकेदुखी गोळीने थांबली म्हणून गोळीतील द्रव्याची उणीव हे डोकेदुखीचे कारण ठरत नाही. तीव्र नैराश्यात औषध नाकारण्यासाठी या युक्तिवादाचा आधार घेणे हाही तसाच तर्कदोष होईल.

बाल्यगत स्तराविषयी थोडक्यात सांगता येते : मातापित्यांचा वियोग, मारहाण, लैंगिक अत्याचार आणि दीर्घ उपेक्षा यांनी दोन्ही विकारांची शक्यता वाढते, हे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

देहगत स्तर व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित आहे. थायरॉइडचा स्राव कमी झाल्यास नैराश्यासारखी आणि जास्त झाल्यास चिंतेसारखी अवस्था येते. रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव थकवा व मांद्य आणतात. मद्य प्रथम भय शमवते आणि नंतर दोन्ही विकार वाढवते. नाशिकच्या संदर्भात येथे एका कारणाची भर घालावी लागते. द्राक्षबागेवर हंगामात वारंवार फवारणी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांचा संपर्क आणि नैराश्य यांचा सहसंबंध अनेक देशांतील शेतकऱ्यांच्या अभ्यासांत आढळला आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. परंतु फवारणी करणाऱ्या मजुराच्या मनःस्थितीची चौकशी करताना त्याच्या तोंडावर फडके तरी असते का, हे विचारणे वैद्यकीय प्रश्नच आहे.

आता या विभागातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष. केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या जुळ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९९२ मध्ये दाखवले की नैराश्यविकार आणि सर्वसाधारण चिंताविकार यांची आनुवंशिक प्रवृत्ती जवळजवळ एकच आहे. भेद आहे तो परिस्थितीत. म्हणजे वारसा 'काहीतरी होईल' एवढे ठरवतो, 'काय होईल' हे ठरवत नाही. ते ठरवणारे दुसरे काहीतरी असले पाहिजे.

४. निमित्त आणि त्याचे प्रकार

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत अशी की, घटनांची केवळ यादी न करता प्रत्येक घटना त्या व्यक्तीच्या आयुष्यात किती काळ आणि किती खोल धोका निर्माण करते हे तपासायचे. नैराश्यविकार जडलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत आधी अशी घटना किंवा दीर्घकाळची मोठी अडचण आढळली. १९८१ मध्ये फिन्ले-जोन्स आणि ब्राउन यांनी पुढचे पाऊल टाकले : घटनांचे हानी आणि संकट असे दोन वर्ग केले. हानीनंतर नैराश्य, संकटाच्या छायेत चिंता, आणि दोन्ही एकत्र आल्यास मिश्र विकार, असा क्रम त्यांना दिसला. केंडलर यांच्या २००३ मधील अभ्यासाने यात मानखंडनेची भर घातली. जी हानी माणसाला चारचौघांत किंवा स्वतःच्या नजरेत खाली आणते ती नैराश्य अधिक घडवते. हाय आणि घोर यांतील भेद मराठीने वेगळे शब्द योजून जो नोंदवला होता, तो येथे प्रमाणांनी सिद्ध झाला.

नाशिक जिल्ह्यातील दोन पिके या सिद्धान्ताची जणू दोन स्वतंत्र उदाहरणे आहेत.

द्राक्ष हे संकटाचे पीक आहे. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर काही आठवड्यांत काडीवरील डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात आभाळ ढगाळ राहिले आणि ऊन पुरेसे मिळाले नाही तर घड कमी धरतात. पण हे कळते गोडी छाटणीनंतर डोळे फुटल्यावर. हानी मे-जूनमध्ये झालेली असते, ज्ञान ऑक्टोबरमध्ये होते. त्यानंतर सुमारे चार महिन्यांचा काळ असा जातो की प्रत्येक अवस्थेला तिचे स्वतंत्र भय आहे : कोवळ्या फुटीच्या पोंगा अवस्थेत घड जिरण्याचे, फुलोऱ्यात पाऊस आल्यास कूज आणि गळ यांचे, पुढे डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांचे, मण्यात पाणी उतरल्यावर अवकाळी पावसाने मणी तडकण्याचे, थंडीत निफाडचा पारा उतरला की मणी गुलाबी पडण्याचे, म्हणजे पिंक बेरीचे. माल काढल्यावर व्यापाऱ्याने पैसे देईपर्यंत एक भय शिल्लक असतेच. खर्च प्रारंभी होतो, उत्पन्न शेवटी. मध्ये प्रतिदिन हवामानाचा अंदाज पाहणे. चिंतेला पोषक रचना मुद्दाम निर्माण करायची तर याहून वेगळी करता येणार नाही : मोठा डाव, दीर्घ प्रतीक्षा, अपूर्ण माहिती आणि नियंत्रणाबाहेरचा निर्णायक घटक.

संकट आकाशातूनच येते असेही नाही. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्याने युरोपात माल अडवला गेला. बागाईतदार ज्याला लिहोसीन म्हणून ओळखत होते आणि वर्षानुवर्षे वापरत होते, ते द्रव्य तेथील मर्यादेत बसत नव्हते. नियम मोडल्याची जाणीव नसताना शिक्षा व्हावी, ही घटना धसक्याला जन्म देते. कारण पुढील वर्षी कोणती गोष्ट दोष ठरेल याचा अंदाज करता येत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, २०१९ चा परतीचा पाऊस, नोव्हेंबर २०२३ ची गारपीट : ज्याने यांतील एक पाहिली त्याच्यासाठी मळभ हा हवामानाचा साधा प्रकार राहत नाही.

कांदा हे हानीचे पीक आहे, आणि त्याहून अधिक मानखंडनेचे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भावाच्या आशेने चाळीत साठवला जातो. चाळीत वजनाची घट, सड आणि कोंब येणे ही हानी हळूहळू चालू असते. विकावा की थांबावा हा निर्णय शेतकऱ्याचा असतो, म्हणून दोषही त्याच्याकडे येतो. मग लासलगावसारख्या बाजारात ट्रॅक्टरशेजारी उभे राहून तो लिलाव ऐकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले आणि ती रक्कम त्याने पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवली. या कृतीचा राजकीय अर्थ येथे प्रस्तुत नाही; मानसशास्त्रीय अर्थ असा की, हानीपेक्षा तिच्यातील अवमान त्याला असह्य झाला होता. शासनाच्या निर्णयांचे स्वरूपही येथे कारण म्हणून येते. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी, ती मे २०२४ मध्ये उठली. गारपिटीत कर्ता नसतो. येथे कर्ता असतो. ज्या हानीला कर्ता असतो ती मनात अधिक काळ फिरत राहते.

अनेक घरांत दोन्ही पिके असतात, किंवा एकाचे कर्ज दुसऱ्याच्या भरवशावर घेतलेले असते. त्यामुळे संकट आणि हानी यांच्यात वर्षातील अंतर पडत नाही. द्राक्षाचा घोर संपतो न संपतो तोच कांद्याची हाय सुरू होते. शुद्ध चिंता आणि शुद्ध नैराश्य हे भेद पुस्तकात स्पष्ट असतात; येथे मिश्र अवस्था हाच नियम असावा, असे या रचनेवरून अनुमान करता येते.

बागायत आणि बाजार यांखेरीजची निमित्ते याच तत्त्वाने लावता येतील. नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराचे करार-नूतनीकरण हे संकट आहे. परीक्षेत अपयश ही मानखंडना. वैधव्य ही हानी. तपशील बदलतो, वर्ग बदलत नाहीत.

५. कोंडी

हानी सर्वांना होते, हाय सर्वजण खात नाहीत. पूर्वप्रवृत्ती समान धरली तरी हा फरक शिल्लक राहतो. त्याचा खुलासा एका तिसऱ्या घटकाने होतो, त्याला येथे कोंडी म्हटले आहे : सुटकेचा मार्ग नाही, आणि आपण काही केले तरी फरक पडणार नाही, ही परिस्थिती अथवा तिची जाणीव.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांच्या प्रयोगांत असे दिसले की ज्या कुत्र्यांना विजेचा धक्का टाळता येत नव्हता, ती पुढे टाळता येण्याजोग्या धक्क्यासमोरही निश्चल राहिली. यालाच अर्जित असहायता म्हटले गेले. २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपल्या उपपत्तीची दिशा उलटी केली. दीर्घ आघातासमोर निश्चल होणे हा प्राण्याचा मूळ प्रतिसाद आहे. असहायता शिकावी लागत नाही, शिकावे लागते ते नियंत्रण. नियंत्रणाचा अनुभव आला की मेंदूचा अग्रभाग त्या मूळ प्रतिसादाला आवरतो. म्हणून खचलेल्या माणसाविषयीचा प्रश्न 'हा का खचला' असा न राहता 'याला नियंत्रणाचा अनुभव कोठे मिळाला नाही' असा होतो. स्वतःच्या निष्कर्षाची अशी उलटापालट करण्यास लागणारे धैर्य शास्त्रात विरळ आहे, म्हणून तिचा विस्ताराने उल्लेख केला.

नाशिकच्या इतिहासातील दोन घटना या दृष्टीने विचारार्ह आहेत. १९८० मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी या जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवण्यात आली. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी, त्यांत सुरगाणा-पेठकडील आदिवासी मोठ्या संख्येने, नाशिकहून मुंबईपर्यंत सहा दिवस चालत गेले. आंदोलनाने नैराश्य बरे होते असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि तसे म्हणण्याचा हेतूही नाही. इतकेच नोंदवावयाचे की हानी तीच असताना एकट्याची कोंडी आणि अनेकांची चाल या दोन भिन्न मानसिक परिस्थिती आहेत.

ब्राउन आणि हॅरिस यांनी कोंडीचे घटक अधिक नेमके केले. आघातानंतर नैराश्य येण्याची शक्यता चार गोष्टींनी वाढते असे त्यांना आढळले : (१) विश्वासाने बोलता येईल असे जवळचे माणूस नसणे, (२) घरात १४ वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे, (३) घराबाहेर काम नसणे, (४) वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी आईचा वियोग. ही यादी लंडनची आहे. जशीच्या तशी येथे लागू होणार नाही. घराबाहेर काम नसणे हा तेथील दोष होता. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत द्राक्षाच्या थिनिंगला (विरळणीला) किंवा तोडणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीला काम आहे, तिच्याकडे नाही ती विश्रांती. परंतु पहिला घटक भाषांतरित करण्याचीही गरज नाही. लग्न होऊन परगावी आलेल्या मुलीचे विश्वासाचे माणूस माहेरी राहिलेले असते. सासरी तिचे बोलणे कोणाकडे जाईल याची खात्री नसते. पुरुषाला पारावर, बाजार समितीत, टपरीवर भाव आणि हवामान बोलता येते. हे बोलणे वरवरचे असले तरी घोराला वाट देते. तिच्या घोराचा विषय पुष्कळदा नवराच असतो, आणि तो विषय पारावरचा नाही. भारतातील अभ्यासांत स्त्रियांच्या नैराश्याशी दारिद्र्य आणि पतीकडून होणारी हिंसा यांचा संबंध सातत्याने दिसतो. नैराश्यविकाराचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दीड ते दोन पट का, या प्रश्नाच्या उत्तरात संप्रेरकांचा वाटा असेल. पण कोंडीचा वाटा तपासण्यापूर्वी संप्रेरकांकडे जाणे हा क्रम उलटा आहे.

६. धारक कारणे

निमित्त सरले तरी विकार सरत नाही, याची कारणे वेगळी असतात.

पहिले कारण परिहार. भय वाटते ती गोष्ट टाळली की भय तत्काळ कमी होते. ही सुटका टाळण्याची सवय दृढ करते. आणि टाळल्यामुळे भय निराधार होते हे कधीच कळत नाही. बँकेचे पाकीट न उघडणे, फोन न उचलणे, लग्नकार्याला न जाणे ही त्याची रूपे आहेत. वारंवार हवामान पाहणे ही उलट दिसणारी, पण त्याच जातीची क्रिया आहे : क्षणिक दिलासा आणि दीर्घ अवलंबन.

दुसरे कारण विचारांचे आवर्तन. 'मीच का', 'तेव्हा विकला असता तर' या प्रश्नांना उत्तर नसते, म्हणून ते संपत नाहीत. सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ पासून दाखवले की असे आवर्तन उदासीचा काळ लांबवते. येथे पहिल्या विभागातील व्याकरणाकडे परतावे लागते. हाय त्याने खाल्ली, मनाला त्याने लावून घेतले. मग सोडत नाही हा दोषही त्याचाच. घरातील माणसे प्रेमाने म्हणतात, 'एवढे मनावर घेऊ नकोस'. या वाक्यात असे गृहीत आहे की घेणे त्याच्या हाती होते. आत्मदोष हे नैराश्याचे लक्षण आहेच. भाषा त्याला साक्षीदार पुरवते.

तिसरे कारण शरीराचे. झोप मोडते, अन्न जात नाही, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर औषधात खंड पडतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. तेथे विषाद हा परिणाम म्हणून येत नाही, कारण म्हणून येतो. हे निरीक्षण आजच्या वैद्यकाशी पूर्ण जुळते.

चौथे कारण म्हणजे कारणाविषयीची समजूत. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरी देशभरातून लोक नारायण नागबळीसाठी येतात. हा विधी तीन दिवसांचा असतो. मूल न होणे, धंदा बसणे, घरात कोणाचे मन ठिकाणावर नसणे, यांचे कारण पितृदोष सांगितले जाते. या उपपत्तीला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे शास्त्रीय नव्हे. तिचे कार्य तपासले पाहिजे. ती तीन गोष्टी करते : व्यथेला नाव देते, दोष व्यक्तीकडून पूर्वजांकडे नेते, आणि दुःखाला समाप्तीची तारीख देते. कुटुंब एकत्र येते, रुग्णाला तीन दिवस कोणी 'मनावर घेऊ नकोस' म्हणत नाही. सौम्य व्यथेत एवढ्याने आराम पडला तर आश्चर्य नाही. परंतु विकार तीव्र असेल तर विधीनंतर तो तसाच राहतो, आणि आता 'एवढे करूनही' हे शब्द त्याला जोडले जातात. खर्च झालेला असतो, वेळ गेलेला असतो, कोंडी वाढलेली असते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की या उपपत्तीतील दोष तिच्या श्रद्धेत नाही; उपचार लांबणीवर पडतो, त्यात आहे.

पाचवे कारण उपचारांची अनुपलब्धता. महाराष्ट्रात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्रात त्यांपैकी एकही नाही. चिंता आणि नैराश्य यांच्या बहुसंख्य रुग्णांना मनोरुग्णालयाची गरज नसते. पण मनाच्या उपचाराची सार्वजनिक प्रतिमा त्याच भिंतींनी घडवली आहे. ही गरज वेगळ्या मार्गाने भागवता येते याचा पुरावा मराठी प्रदेशाच्या शेजारीच आहे : विक्रम पटेल यांच्या सहकार्याने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील संगाथ संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर परिणामकारक मानसोपचार करता येतो, हे नियंत्रित चाचण्यांतून दाखवले. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ या क्रमांकावरील सेवा चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्याच्या मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येतात त्याच्यासाठी किंवा त्याच्या घरच्यांसाठी हा क्रमांक कारणमीमांसेपेक्षा निकडीचा आहे, म्हणून तो येथेच दिला.

७. पुनरावर्तन

आतापर्यंत कारणांचा विचार ती स्थिर आहेत असे धरून केला. ती स्थिर नसतात. विकार पहिल्यांदा येतो तेव्हा बहुधा त्याच्या मागे मोठे निमित्त असते. केंडलर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की नैराश्याची जसजशी अधिक आवर्तने होतात तसतसा आघात आणि आवर्तन यांचा संबंध क्षीण होत जातो. याचा एक अर्थ असा लावला जातो की प्रत्येक आवर्तन पुढच्याचा उंबरठा खाली आणते. म्हणजे विकार हाच हळूहळू स्वतःची पूर्वप्रवृत्ती होतो, आणि दुसऱ्या विभागात केलेला चार प्रश्नांचा भेद कालांतराने पुसट होऊ लागतो.

याचा व्यवहारातील परिणाम रुग्णाच्या घरी दिसतो. पहिल्या वेळी सर्वांना कारण दिसत होते : बाग झोपली, बँकेचा माणूस दारात आला, तो खचला. गाव समजून घेत होते. दुसऱ्या वेळी भाव पडला होता, तेही समजण्यासारखे होते. चौथ्या वेळी गारा पडलेल्या नसतात, पिकाला भाव बरा असतो, घरात कोणी आजारी नसते. जानेवारीतली एक दुपार ढगाळ होते, आणि तो दोन दिवस उठत नाही. घरचे विचारतात, 'आता काय झाले?' तो सांगतो, 'काही नाही.' हे उत्तर टाळाटाळीचे मानले जाते. कारणशास्त्राच्या दृष्टीने ते तंतोतंत बरोबर आहे.